ओढ्याची रुंदी

(सरांच्या स्मृतिदिनी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



सर आम्हाला नववीत भूगोल शिकवत. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी ते आठ-दहा पोरं गोळा करून आंबील ओढ्यावर न्यायचे. हातात सुतळीचं गुंडाळं असायचं आणि त्या सुतळीला दर मीटरला एक गाठ मारलेली असायची. एका काठावर एक मुलगा, पलीकडे दुसरा, मध्ये घोटाभर पाणी. सुतळी ताणायची, गाठी मोजायच्या, आकडा वहीत लिहायचा. आम्हाला तो खेळच वाटायचा. मग सर वर बघायला सांगत. काठावरच्या बाभळीच्या फांद्यांत, आमच्या डोक्यांच्याही वर, चिंध्या आणि पाचट अडकलेलं असे, कधी एखादी फाटकी चप्पल. हे तिथे कुणी नेऊन ठेवलं, असं सर विचारत. उत्तर यायला वेळ लागायचा. पायाखालच्या त्या पाण्याकडे बघून, पावसाळ्यात ते डोक्यावरून गेलं होतं हे खरंच वाटत नसे.

पुढे मी स्थापत्य अभियंता झालो आणि नोकरीची सगळी वर्षं पाणी, पूल आणि गटारं यांतच गेली. आज मला शहरांतल्या पुरांवर बोलायला सांगितलंय. बदलत्या हवामानात हे पूर कसे आवरायचे, हा प्रश्न आहे. त्यावर मला जे सांगायचंय ते अजूनही त्या सुतळीपाशीच आहे. शहरातला पूर सप्टेंबरातल्या एखाद्या रात्री येतो, पण तो ठरतो त्याआधीच्या अनेक जानेवारी महिन्यांत, कोरड्या ओढ्याची रुंदी गाठीगाठीने कमी होत जाते तेव्हा.

आंबील ओढ्याचीच गोष्ट आधी सांगतो, कारण आपल्यापैकी बरेच जण तो रोज ओलांडतात. कात्रजच्या डोंगरातून तो निघतो आणि दांडेकर पुलाखालून जाऊन मुठेला मिळतो. आज तो जिथून वाहतो तो त्याचा मूळ मार्ग नव्हे. पूर्वी तो जुन्या पुण्याच्या पेठांच्या बाजूने वाहत होता. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी त्याला पर्वतीच्या पायथ्याशी अडवलं, तळं केलं आणि पुढचा प्रवाह पश्चिमेकडे वळवला. तळ्यातला गणपती त्याच तळ्यातला. आपण आज सारसबागेत हिरवळीवर बसतो ती जागा तेव्हा पाण्याखाली होती. त्याच काळात कात्रजला तलाव बांधले गेले आणि तिथून दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत, पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आलं. त्या नळावरचे हवा सोडणारे उच्छ्वास अजूनही कुठे कुठे दिसतात.

हे मी अभिमान मिरवायला सांगत नाही. ओढा वळवता येतो, हे त्या लोकांनी दाखवलं. पण वळवताना त्यांनी त्याला दुसरी वाट दिली आणि पसरायला एक अख्खं तळं दिलं. आपण गेल्या पन्नास वर्षांत ओढे वळवले, बुजवले, त्यांवर स्लॅब टाकले, आणि बदल्यात त्यांना काहीच दिलं नाही. तळ्याची बाग झाली. मला बाग आवडते, लहानपणापासून जातो. फक्त ते तळं जे पाणी पोटात घ्यायचं ते आता कुठे थांबतं, असं बाग करताना कुणी विचारलं असेल का, हे मला नेहमी वाटत राहतं.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यात कुणी विसरलेलं नाही. दक्षिण पुण्यावर आणि कात्रजच्या डोंगरावर काही तासांत प्रचंड पाऊस झाला आणि ओढा काठ सोडून वस्तीत शिरला. पुण्यात आणि आसपास वीसहून जास्त माणसं गेली. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून एकाच वेळी माणसं दगावली. माझी मावसबहीण त्या भागात राहते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा तिच्या सोसायटीच्या वाहनतळात गाड्या एकमेकींवर चढलेल्या होत्या, तळमजल्यावर गुडघाभर चिखल होता, आणि ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून घरातली कागदपत्रं एकेक करून उन्हात वाळवत होती. मला बघून ती एवढंच म्हणाली, "अरे, पाणी चढत गेलं नाही, ते एकदम आलं."

ते वाक्य अभियंत्याने नीट ऐकण्यासारखं आहे. पाऊस एकदम येत नाही, ओढ्याचं पाणीही साधारणपणे चढत जातं. मग ते एकदम कसं आलं? त्याला कारण भिंती. ओढ्याला लागून सोसायट्या झाल्या की प्रत्येकीची सीमाभिंत येते. आठ इंची वीटकाम, खाली पाणी जायला धड मोरी नाही. पाणी काठ सोडून पसरू लागलं की ते अशा भिंतीला अडतं. मागे पाच-सहा फूट पाणी साठतं. ती भिंत पाणी अडवायला बांधलेली नसते, एका क्षणी ती जाते आणि साठलेलं सगळं पाणी पुढच्या भिंतीवर आदळतं. मग ती जाते. हे मी नेमक्या शब्दांत सांगतो: आपण शहरभर शेकडो छोटी धरणं बांधून ठेवली आहेत. त्यांना सांडवा नाही, त्यांचं कुणी गणित केलेलं नाही, आणि ती फुटण्याच्या वाटेवर माणसं झोपलेली असतात. धरण फुटणं म्हणजे काय हे पुण्याला १२ जुलै १९६१ ला पानशेतने शिकवलं. त्यानंतरही आपण हे केलं.

२०१९ च्या त्या पुरानंतर डिसेंबरात मी सरांची सुतळी शोधून काढली. त्यांच्या मुलाने ती जपून ठेवली होती. जुन्या वहीतल्या जागा आता ओळखू येत नव्हत्या, तरी तीन-चार ठिकाणं सापडली. एका जागी आम्ही मुलांनी जिथे अकरा गाठी मोजल्या होत्या तिथे सहा भरल्या. एका बाजूला राडारोड्याचा भराव होता, दुसऱ्या बाजूला काँक्रीटची भिंत. कुणी एकाने हे केलेलं नाही. एकाने ट्रकभर माती टाकली, दुसऱ्याने तिच्यावर शेड घातली, तिसऱ्याने शेडच्या जागी पक्कं बांधकाम केलं, चौथ्याने सुशोभीकरण म्हणून काठाला भिंत घातली. प्रत्येकाने एकेक गाठ घेतली.

आता थोडं गणित करू, पण सोपं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकराची सोसायटी घ्या, साधारण ४,००० चौरस मीटर. रात्रभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला की त्या एका सोसायटीवर चार लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. जमीन उघडी होती, झाडोरा होता, तेव्हा यातलं बरंच मुरायचं, बाकीचं रेंगाळत ओढ्यापर्यंत जायचं. आता गच्चीवरून पाइपात, पाइपातून फरशीवर, फरशीवरून रस्त्यावर. चाळीसच्या चाळीस टँकर जवळपास एकाच वेळी ओढ्यात रिकामे होतात, आणि शेजारच्या सोसायटीचेही त्याच वेळी. एकूण पाणी वाढलं, हे तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की सगळीकडचं पाणी एकाच घटकेला ओढ्यात पोचायला लागलं. ओढ्याच्या भिंती काँक्रीटच्या गुळगुळीत केल्या की ते आणखी वेगाने धावतं, म्हणजे वरच्या वस्तीची सुटका होते आणि खालच्या वस्तीवर ते लवकर आणि जास्त उंचीने कोसळतं. ओढ्याला 'चॅनल' करणं हा उपाय म्हणून सुचवला जातो तेव्हा खाली कोण राहतं हे विचारलंच पाहिजे.

मुंबईचं उदाहरण याहून मोठं आहे. २६ जुलै २००५ चा पाऊस आपल्याला आकड्याने पाठ आहे: सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. अख्ख्या जुलैची तिथली सरासरीही त्याहून कमी. दुपारी एका तासात १९० मिलिमीटर पडला. पण त्याच दिवसाचा दुसरा आकडा कमी लोकांना आठवतो. कुलाब्याला त्या चोवीस तासांत जेमतेम ७४ मिलिमीटर होता. त्याच शहरात, लोकलने तासाभराच्या अंतरावर. म्हणजे कुलाब्याला खिडकीशी बसलेल्या अधिकाऱ्याला कुर्ला बुडतोय हे आकाशाकडे बघून कळणं शक्य नव्हतं. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं आणि पाऊस मोजायच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. पुढे शहरात जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, रडार आलं, २०२० मध्ये मुंबईसाठी पूर-इशाऱ्याची संगणकीय यंत्रणा सुरू झाली. हे सगळं त्या दिवशीच्या ९४४ आणि ७४ मधल्या दरीतून आलं.

त्या प्रलयानंतर सरकारने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. चितळे म्हणजे १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेले आपले पाटबंधारे तज्ज्ञ. त्या समितीचा अहवाल आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने मुळापासून वाचायला हवा. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. तेही दोन गोष्टी गृहीत धरून: समुद्राला ओहोटी असेल, आणि पडलेल्या पावसातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल. गिरगाव-परळच्या पलीकडे भातखाचरं, चिखलण आणि मिठागरं होती तेव्हा हे गृहीत धरणं वावगं नव्हतं. पुढे जमीन गेली, गृहीतक मात्र गणितात तसंच राहिलं. या गटारांवरच्या १९९३ च्या आधीच्या अहवालाने, ज्याला सगळे ब्रिमस्टोवॅड म्हणतात, ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करायला सांगितलं, आणि काहीच पाणी मुरत नाही असं धरून गणित करायला सांगितलं. अहवाल आला १९९३ ला. प्रलय आला २००५ ला. मधली बारा वर्षं गेली.

त्यात मिठी नदी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम अठरा किलोमीटर. वाटेत विमानतळाची धावपट्टी तिच्यावरून गेली, तिला काटकोनात वळावं लागलं. खाली मुखाशी भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, जिथे पूर्वी खारफुटी आणि दलदल भरतीचं पाणी झेलत होती. कित्येक मुंबईकरांना मिठी ही नदी आहे हे त्या दिवशी कळलं, त्याआधी तो नाला होता. नाव बदललं की कायदाही बदलतो, हे इथे लक्षात घ्या. नदीला पूररेषा असते, नाल्याला फक्त दरवर्षी सफाईचं कंत्राट असतं.

नालेसफाईवर दोन शब्द बोलतो, कारण दर मे महिन्यात वर्तमानपत्रं त्यानेच भरलेली असतात. गाळ काढायला हवा, यात वाद नाही. पण काम मोजलं जातं ते काढलेल्या गाळाच्या वजनावर, डंपरच्या फेऱ्यांवर. माझ्या मते मोजायला हवा तो राहिलेला नाला. काम झाल्यावर अमुक पुलाखाली रुंदी किती, खोली किती, मोरीची किती तोंडं मोकळी, हे मोजून त्या पुलावरच पाटी लावा. शेजारचा किराणा दुकानदारही ती वाचून सांगेल की काम झालंय की नाही. वजन कुणालाच पडताळता येत नाही, रुंदी कुणीही मोजू शकतो.

आता हवामानाकडे येतो. हवा एक अंश सेल्सियसने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. हे भौतिकशास्त्र एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. अरबी समुद्र तापतोय, त्यावरून येणाऱ्या वाऱ्यांत बाष्प जास्त आहे, आणि ते पश्चिम घाटाला धडकून किंवा शहरावर ढग उभे राहून कमी वेळात रितं होतं. इथेच, पाषाणला, उष्णदेशीय हवामान संस्थेत रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात, म्हणजे गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात आणि त्यात महाराष्ट्रही आला, एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून २०१५ पर्यंत तिपटीने वाढल्या. मोसमी पाऊस एकूणात वाढला नसतानाही. आपल्या आजीला मृगाचा आणि आर्द्राचा जो पाऊस माहीत होता तो झिमझिम, सलग, दिवसच्या दिवस रेंगाळणारा होता. जमीन त्याला पिऊन घेत असे. आता दोन आठवडे कोरडे जातात आणि तिसऱ्या आठवड्यात एका रात्रीत महिन्याचा पाऊस होतो.

इथे मला एक इशारा द्यावासा वाटतो. हवामान बदलाचं नाव घेऊन काही मंडळी हात झटकतात: पाऊसच एवढा झाला, आम्ही काय करणार. नागपूरला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठच्या घरांत शिरली. पाऊस भारी होताच. पण मगाशी आपण गणित केलं ते याच शंभर मिलिमीटरचं. दीडशे वर्षांच्या तलावाखाली वसलेल्या शहराला एवढ्या पावसाची तयारी असायलाच हवी. तापलेलं आकाश ओढ्यात जास्त पाणी टाकणार, हे आता ठरलेलं आहे. म्हणून तर ओढा रुंद हवा. आपण नेमक्या त्याच काळात तो अरुंद केला, हा आपला दोष आहे, आकाशाचा नाही.

पूररेषांबद्दल लोकांच्या मनात फार गोंधळ आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखतात. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम नको. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, निळी आणि लाल यांच्या मध्ये बांधायचं तर अटी पाळून. आता "पंचवीस वर्षांतून एकदा" म्हटलं की माणूस समजतो, मागचा पूर परवा आला, म्हणजे पुढची चोवीस वर्षं निर्धास्त. तसं ते नाही. त्याचा अर्थ, दर वर्षी चार टक्के शक्यता, काल पूर आला असला तरी यंदाही चार टक्के. निळ्या रेषेवरच्या घरात कुणी पंचवीस वर्षं राहिलं तर त्या मुदतीत पूर किमान एकदा घरात शिरण्याची शक्यता ६४ टक्के होते. लाल रेषेवर घर घेतलं आणि तीस वर्षांचं कर्ज काढलं, तर कर्ज फिटायच्या आत तो मोठा पूर बघण्याची शक्यता चारांत एक. घर घेताना दलाल हे सांगत नाही. सांगायला हवं, आणि ते खरेदीखतावर छापलेलं हवं.

त्यात या रेषा मागच्या पावसाच्या नोंदींवरून काढलेल्या असतात. पाऊस बदलला, वरची टेकडी फोडून तिथे इमारती झाल्या, की पंचवीस वर्षांचा पूर दहा वर्षांचा होतो आणि नकाशावरची रेषा मात्र तिथेच राहते. आणि ओढ्यांना तर बहुतेक ठिकाणी रेषाच नाही. शहरात माणसं दगावतात ती जास्त करून ओढ्यांच्या काठी, जिथे पाणी तासाभरात येतं.

रेषा सरकवण्याचा दबाव मात्र कायम असतो, आणि तो फक्त बिल्डरांचा नसतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. चिपळूणचं घ्या. २२ जुलै २०२१ ला सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, वाशिष्ठी आणि शिव नदी बाजारपेठेत शिरल्या, पहिला मजला बुडाला. त्यानंतर चिपळूणकर रस्त्यावर आले, साखळी उपोषणाला बसले, नदीतला गाळ काढा म्हणून. ते हक्काचं मागणं होतं आणि त्यातून गाळ निघाला. पण त्याच वेळी निळ्या-लाल रेषांनाही लोकांचा विरोध होता. का? कारण ज्याची तीन पिढ्यांची दुकानं रेषेच्या आत येतात त्याला ती रेषा म्हणजे पुनर्बांधणीची परवानगी बंद, बँकेचं कर्ज बंद. पुराने एकदा नेलं, रेषा कायमचं नेईल, असं त्याला वाटलं. त्या माणसाला अडाणी म्हणणं सोपं आहे. त्याच्या दुकानाला दुसरी जागा किंवा मोबदला देण्याची तयारी नसेल तर रेषा आखणाऱ्याचं काम अर्धंच झालं.

सांगली-कोल्हापूरबद्दल फार बोलत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, एवढी आठवण करून द्यावी आणि पुढे जावं.

धरणांचं मात्र बोलायला हवं, कारण पुण्याचा तो घरचा प्रश्न आहे. खडकवासला साखळीत पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही मोठी धरणं आणि तळाशी खडकवासला. चारही मिळून सुमारे २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं, पण त्यात एकट्या खडकवासल्याचे दोन टीएमसीसुद्धा नाहीत. वरची धरणं भरलेली नसली तरी मधल्या डोंगरांत जोराचा पाऊस झाला की ते पाणी थेट खडकवासल्यात येतं, आणि ते एवढंसं धरण ते धरून ठेवू शकत नाही. दारं उघडावीच लागतात. २५ जुलै २०२४ ला पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक जागे झाले तेच घरातल्या पाण्यात. अशा वेळी किती क्यूसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, विसर्ग होणार, तो कुठल्या घराच्या कुठल्या पायरीपर्यंत पोचणार, हे आधी काढून ठेवता येतं. पंचवीस हजार क्यूसेकला अमुक गल्ली, पस्तीस हजारला तमुक. ही यादी पावसाळ्याआधी त्या गल्लीत भिंतीवर रंगवून ठेवा. "नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे" हा संदेश रात्री अडीचला फोनवर येऊन उपयोग नसतो, झोपलेल्या माणसाला उठवायला दार वाजवणारं कुणी तरी लागतं.

सुरतने हे केलं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीकाठचं ते शहर जवळजवळ सगळं बुडालं होतं. त्यानंतर वरच्या खोऱ्यातला पाऊस, धरणातली आवक, शहरातली पातळी असा सगळा धागा जोडून तिथे इशाऱ्याची यंत्रणा उभी राहिली, आणि महापालिका व धरणाचे अधिकारी एका टेबलाशी बसू लागले. आपल्याकडे धरण जलसंपदा खात्याचं, नदीपात्र कुणाचं आणि गटार कुणाचं हे ठरवण्यातच पहाट होते.

मग करायचं काय? मी काही चमत्कार सुचवणार नाही. पाणी वेगाने घालवण्याच्या जोडीला ते थोपवायला शिकलं पाहिजे. मुंबईत हिंदमाताला वर्षानुवर्षं कमरेएवढं पाणी साचायचं, तिथे आता मैदानाखाली आणि उद्यानाखाली टाक्या बांधल्यात. भरतीच्या वेळी पाणी त्यांत धरायचं, ओहोटीला सोडायचं. पंप आणि टाक्या महाग असतात, पण कल्पना साधी आहे: पाण्याला चार तास बसायला जागा द्या. पुण्यात ती जागा जमिनीवरच मिळू शकते. प्रत्येक मैदान रस्त्यापेक्षा दोन फूट खोल ठेवलं, तर एका मोठ्या पावसात ते तळं होईल आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरं पुन्हा क्रिकेट खेळतील. नेदरलँड्सने तर नायमेखन शहराजवळ वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे सरकवला आणि नदीला नवी वाट खोदून दिली. शतकानुशतकं समुद्र मागे ढकलणारे ते लोक, त्यांनी नदीसाठी मागे सरकायचं ठरवलं.

आपली जमीन वेगळी आहे, हेही ध्यानात ठेवू. पुण्यात चार-सहा फुटांवर काळा पाषाण लागतो, त्यामुळे कुठेही शोषखड्डा खणला की पाणी मुरलं असं होत नाही. पाणी मुरतं ते भेगाळलेल्या खडकात, टेकड्यांच्या उतारावर, जुन्या विहिरींच्या झऱ्यांत. म्हणून टेकड्या राखणं हे पूरनियंत्रणाचं काम आहे, फक्त फिरायला जाणाऱ्यांच्या आवडीचं नाही. कात्रजचा डोंगर फोडून त्याची माती ओढ्यात आली की एकाच कामाने दोन नुकसानं होतात: वर पाणी थांबत नाही आणि खाली ओढा भरतो.

शेवटी माणसांचं. ओढ्याची रुंदी परत द्यायची म्हणजे कुणाला तरी उठवायचं. आणि आपण कुणाला आधी उठवतो? जून २०२१ मध्ये, पावसाळा सुरू झालेला असताना, दांडेकर पुलाजवळ ओढ्याकाठच्या गरिबांच्या घरांवर बुलडोझर चालला. न्यायालयाला स्थगिती द्यावी लागली. ती घरं धोक्यात होती, हे खरं. पण काठावर पक्क्या इमारतींचे वाहनतळ आणि सीमाभिंतीही आहेत, भराव घालून रुंद केलेले रस्ते आहेत. त्यांच्याकडे नकाशे होते, मंजुऱ्या होत्या, वकील होते. धुणीभांडी करणारी बाई ओढ्याकाठी राहते ती तिला नदीकाठचं दृश्य हवं असतं म्हणून नाही, तिला कामाच्या चालत्या अंतरावर परवडणारी तेवढीच जागा शहराने ठेवली म्हणून. तिला हलवायचं तर चालत्या अंतरावर हलवा, आणि ऑक्टोबर ते मे या काळात हलवा, आणि तिच्या आधी शेजारच्या सोसायटीच्या भिंतीला मोऱ्या पाडा. हा क्रम मला न्यायाचाही वाटतो आणि अभियांत्रिकीचाही, कारण पाणी पहिल्यांदा भिंतीनेच अडतं.

सर गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना भेटलो होतो. दृष्टी अधू झाली होती. मी सुतळीची आठवण काढली तर म्हणाले, त्या वह्या कुणी जपल्या असतील तर त्या महापालिकेपेक्षा शाळांना दे. आमच्या वर्गातल्या तिघांकडे वह्या निघाल्या. त्यातले आकडे आम्ही एका कागदावर उतरवले आहेत आणि त्याच्या प्रती आज दाराशी ठेवल्या आहेत.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही कात्रजच्या तलावाच्या बांधाशी जमणार आहोत. तिथून ओढ्याच्या काठाने दांडेकर पुलापर्यंत चालायचं, प्रत्येक पुलाखाली आणि प्रत्येक भिंतीपाशी रुंदी मोजायची आणि लिहायची. सध्या पाणी घोट्याएवढंच आहे. जुने बूट घाला. शाळेतली मुलं असतील तर त्यांना आणा, सुतळीचं दुसरं टोक धरायला माणसं लागतात.